वनस्पती फॉस्फेट ठेवतात कुठे, फिरवतात कसं आणि त्यातून निरोप कसे देतात

प्रश्न तीन पदरी आहे. एटीपीमध्ये, म्हणजे पेशीतली कामं चालवणाऱ्या रेणूमध्ये, ऊर्जा असते, मग वनस्पती फॉस्फेटच्या रूपात ऊर्जा साठवून ठेवतात का? हेच फॉस्फेट पेशींमध्ये निरोप देण्यासाठी वापरलं जातं म्हणजे नेमकं काय घडतं? आणि तिसरा: पानाच्या तपासणीत स्फुरद, म्हणजे फॉस्फेटमधलं मूलद्रव्य फॉस्फरस, पुरेसा येतो, तरी झाड उपाशी असल्यासारखं का वागतं?

वनस्पतींचं शरीरक्रियाशास्त्र शिकवणं आणि पानामुळांचे नमुने तपासणं हेच माझं काम असल्यामुळे हे तिन्ही प्रश्न सुटे सुटे मला अनेकदा विचारले गेले आहेत. पण तिसऱ्याचं उत्तर पहिल्या दोघांत दडलेलं आहे, म्हणून ते क्रमानेच घेतो.

पहिल्याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. ऊर्जा साठते ती स्टार्च, साखर आणि तेलात. फॉस्फेट साठतं ते फॉस्फेट म्हणून, पुढे लागेल तेव्हा वापरायचा कच्चा माल म्हणून. एटीपी या दोन्हींच्या मधे सतत फिरत असतो. पानात एका क्षणी असलेला एटीपी इतका थोडा असतो की तो बनवणं थांबलं तर काही सेकंदांत संपायला लागतो. प्राण्यांच्या स्नायूंत क्रिएटिन फॉस्फेटचा छोटा राखीव साठा असतो. यीस्ट आणि कित्येक शैवालं फॉस्फेटच्या लांब साखळ्या, म्हणजे पॉलिफॉस्फेट, साठवतात. उच्च वनस्पतींकडे यातलं काहीच म्हणण्यासारखं नाही. दिवसभर उन्हात कमावलेलं रात्रीसाठी ठेवायचं तर ते स्टार्च करूनच ठेवावं लागतं.

'उच्च ऊर्जेचा बंध' या शब्दप्रयोगाने बराच गोंधळ केला आहे. बंध तुटला आणि आत कोंडलेली ऊर्जा बाहेर पडली, असं काही होत नाही. एटीपीत ऋणभाराचे तीन फॉस्फेट गट शेजारी शेजारी बसवलेले असतात. शेवटचा सुटा झाला की तयार होणारे पदार्थ जास्त स्थिर असतात. प्रमाण स्थितीत यातून मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल मिळतात. जिवंत पेशीत मात्र हा आकडा ५० च्या आसपास जातो, कारण पेशी एटीपीचं प्रमाण एडीपी (एक फॉस्फेट गमावलेला एटीपी) आणि सुट्या फॉस्फेटच्या तुलनेत समतोलापासून फार दूर, वर राखते. कामाला येते ती ही दूर राखलेली स्थिती. म्हणूनच 'झाडात एटीपी किती आहे' यापेक्षा 'एटीपी आणि एडीपीचं गुणोत्तर काय आहे' हे विचारण्यात अर्थ आहे.

त्यामुळेच एटीपी मोजणं हे नाजूक काम आहे. पान तोडून पाकिटात घातलं आणि प्रयोगशाळेत नेऊन मोजलं, तर जो आकडा येतो तो पाकिटातल्या पानाचा असतो, झाडावरच्या नव्हे. पान जागेवरच, उजेडात असतानाच, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवावं लागतं आणि पुढे आम्लात काढेपर्यंत वितळू द्यायचं नसतं. मग काजव्याचं ल्युसिफरेज हे विकर घालून जो प्रकाश निघतो तो मोजायचा. जितका एटीपी तितका उजेड. इतकी घाई करावी लागते यातच एटीपी साठ्यासाठी नसतो हे आलं.

हा एटीपी बनतो कसा, याचा सर्वांत देखणा पुरावा १९६६ मध्ये जेगेनडॉर्फ आणि उरिबे यांनी दिला. त्यांनी पालकाच्या हरितलवकांतली पटलं अंधारात ४ सामूच्या (पीएच) आम्लात भिजवली आणि मग एकदम ८ सामूच्या द्रावणात, एडीपी आणि फॉस्फेटसोबत, टाकली. प्रकाश अजिबात नव्हता, तरी एटीपी तयार झाला. पटलाच्या आत प्रोटॉन जास्त आणि बाहेर कमी, एवढाच फरक पुरला. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलेली कल्पना हीच होती. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पालकाच्या हरितलवकातल्या एटीपी सिंथेजच्या फिरत्या चकतीत १४ घटक असतात आणि एका फेरीत तीन एटीपी बनतात, म्हणजे एका एटीपीमागे साधारण ४.७ प्रोटॉन खर्ची पडतात. प्रकाशाचं काम प्रोटॉन आत ढकलण्यापुरतं. आणि या यंत्राला कच्चा माल म्हणून सुटं फॉस्फेट लागतंच. ते नसेल तर उजेड कितीही असला तरी चकती अडते.

फॉस्फेट किती आहे यापेक्षा ते किती लवकर परत येतं याला महत्त्व का, हे हरितलवकाच्या आतल्या पटलावर कळतं. प्रकाशसंश्लेषणात तयार झालेली तीन कार्बनची साखर, ट्रायोज फॉस्फेट, बाहेर पेशीद्रवात जाते ती एका वाहक प्रथिनाच्या मार्फत, आणि हा वाहक फक्त अदलाबदल करतो. रिकामं सिलिंडर दिल्याशिवाय भरलेलं मिळत नाही, तसं एक फॉस्फेट आत आल्याशिवाय एक ट्रायोज फॉस्फेट बाहेर जात नाही. बाहेर चार ट्रायोज फॉस्फेटपासून सुक्रोजचा एक रेणू तयार होतो आणि चार फॉस्फेट सुटे होतात; तेच परत आत जातात. सुक्रोज बनवणं मंदावलं की फॉस्फेट परतणं मंदावतं. मग साखर हरितलवकातच अडकते, आणि तिचं स्टार्च होतं. स्टार्च बनवण्याच्या मार्गातलं मुख्य विकर ३-फॉस्फोग्लिसरेटने (प्रकाशसंश्लेषणातच तयार होणाऱ्या एका पदार्थाने) चालू होतं आणि सुट्या फॉस्फेटने बंद होतं. म्हणजे फॉस्फेट घटलं की ते आपोआप जोर धरतं.

हे पटत नसेल तर मॅनोजचा जुना प्रयोग आहे. पानाच्या चकत्या मॅनोज या साखरेच्या द्रावणावर तरंगवायच्या. मॅनोज पेशीत शिरतं, त्यावर एक फॉस्फेट चढतं आणि पुढे त्याचं फारसं काही होत नाही. फॉस्फेट तिथेच अडकून पडतं. चकतीतलं एकूण फॉस्फेट तसूभरही कमी झालेलं नसतं, तरी स्टार्च वाढतं आणि पुढे प्रकाशसंश्लेषणही खाली येतं. विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग आवर्जून करायला लावतो, कारण 'एकूण' आणि 'उपलब्ध' यातला फरक आयोडीनच्या निळ्या-काळ्या रंगात समोर दिसतो. स्फुरदाची कमतरता असलेल्या पानात स्टार्च साठलेलं सापडतं त्यामागे बऱ्याच अंशी हेच कारण आहे. अशी पानं पिवळी न पडता उलट गडद हिरवी दिसतात, कारण हरितद्रव्य बनणं जितकं मंदावतं त्याहून पानाचं पसरणं जास्त मंदावतं. पुढे जुन्या पानांवर जांभळी छटा येते, तोवर वाढीचा बराच काळ गेलेला असतो.

आता पायरोफॉस्फेट. ऊर्जेच्या गोष्टीतलं हे वनस्पतींचं खास प्रकरण आहे आणि त्याला मिळायला हवं तेवढं महत्त्व मिळत नाही. प्रथिनं, आरएनए, स्टार्च वगैरे बनवताना दोन फॉस्फेटची जोडी टाकाऊ म्हणून बाहेर पडते. प्राण्यांच्या पेशीत तिचे लगेच दोन तुकडे होतात. वनस्पतींच्या पेशीद्रवात ते काम करणारं विकर फार कमी असतं, त्यामुळे पायरोफॉस्फेट टिकून राहतं आणि चक्क इंधन म्हणून वापरलं जातं. रिक्तिकेच्या, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीच्या, पटलावर त्याच्या जोरावर प्रोटॉन आत ढकलणारा स्वतंत्र पंप असतो. सुक्रोज फोडण्याचा एक मार्ग एटीपीऐवजी यावर चालतो. साखर जाळण्याच्या वाटेवरचं एक विकर एटीपीऐवजी पायरोफॉस्फेट घेतं. ते १९७९ मध्ये अननसाच्या पानांत सापडलं. फॉस्फेट तुटपुंजं असताना किंवा मुळं पाण्याखाली गुदमरलेली असताना एटीपी वाचवणाऱ्या या आडवाटा कामी येतात.

पण टाकाऊ माल हातात ठेवण्यात धोकाही आहे. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेच्या लाडक्या रोपट्यात 'फुगू-५' नावाचं उत्परिवर्तन आहे. त्यात रिक्तिकेवरचा हा पंप निकामी असतो. अशा बियांची रोपं उगवतात, पण बीजपत्रांत पेशी कमी तयार होतात. पंप नसल्यामुळे आम्लता बिघडली असेल, असं कुणालाही वाटेल. २०११ मध्ये त्याचा उलगडा झाला. त्या रोपांत यीस्टचं पायरोफॉस्फेट फोडणारं साधं विकर घातलं, तर प्रोटॉन पंप नसूनही रोप सुधारलं. वरून साखर दिली तरी सुधारलं. म्हणजे खरी अडचण साचलेल्या पायरोफॉस्फेटची होती. त्याच्यामुळे बियातल्या तेलापासून साखर बनवण्याची वाट तुंबली होती.

साठवणीकडे वळू. मातीच्या पाण्यात सुटं फॉस्फेट सहसा १० मायक्रोमोलरहून कमी, अनेकदा एक-दोनच मायक्रोमोलर असतं. पेशीतलं प्रमाण त्याच्या कितीतरी पट. इतक्या चढावर फॉस्फेट ओढायचं तर मूळ आधी एटीपी खर्चून प्रोटॉन बाहेर टाकतं आणि परत येणाऱ्या प्रोटॉनच्या जोडीने फॉस्फेट आत घेतं. ऊर्जेच्या यंत्रणेला जे हवं ते मिळवायलाच ऊर्जा द्यावी लागते. भुकेल्या मुळाची कोंडी इथेच सुरू होते.

आत आलेल्या फॉस्फेटपैकी पेशीद्रव स्वतःपुरतं ठेवतं आणि उरलेलं रिक्तिकेत जातं. चांगल्या पोसलेल्या पानात सुट्या फॉस्फेटपैकी ७० ते ९५ टक्के रिक्तिकेत असतं. फॉस्फरसचा चुंबकीय अनुनाद (एनएमआर) घेतला तर हे जिवंत ऊतीत पाहता येतं. रिक्तिका आम्लधर्मी, सामू साधारण ५.५, पेशीद्रव ७.५ च्या जवळपास. सामूच्या फरकामुळे एकाच फॉस्फेटची दोन वेगळी शिखरं आलेखावर उमटतात. झाडाचं फॉस्फेट बंद केलं की रिक्तिकेचं शिखर बसत बसत जवळजवळ नाहीसं होतं आणि पेशीद्रवाचं मात्र बराच काळ जागेवर राहतं. आत घेणारी आणि बाहेर काढणारी प्रथिनं आता माहीत आहेत: अरॅबिडॉप्सिसमध्ये आत भरणारं व्हीपीटी-१, तर भातात बाहेर काढणारी व्हीपीई नावाची जोडी, जी २०१९ मध्ये समोर आली. आणीबाणीत रिक्तिका किती फॉस्फेट देऊ शकते यापेक्षा किती वेगाने देऊ शकते याला मर्यादा असते. अचानक मागणी वाढली तर कोठार भरलेलं असूनही पेशीद्रवाला चणचण जाणवू शकते.

दुसरा साठा न दिसणारा आहे: आरएनए आणि पटलांमधले फॉस्फोलिपिड (फॉस्फेट असलेली मेदद्रव्यं). हिरव्या पानातल्या सेंद्रिय स्फुरदाचा सर्वांत मोठा वाटा बहुधा आरएनएमध्ये, त्यातही रायबोसोममध्ये असतो. चणचण वाढली की वनस्पती पटलांमधले फॉस्फोलिपिड मोडून त्यातलं फॉस्फेट काढून घेतात आणि त्यांच्या जागी साखरयुक्त आणि गंधकयुक्त मेदद्रव्यं बसवतात. पटल शाबूत, फॉस्फेट मोकळं. नैऋत्य ऑस्ट्रेलियाच्या अतिशय गरीब मातीत वाढणाऱ्या हाकिया आणि बँक्सियासारख्या वनस्पतींनी ही काटकसर टोकाला नेली आहे. त्यांच्या पानांत रायबोसोमच मुळात कमी असतात. त्यातल्या कित्येकांना फॉस्फेटचं खत दिलं तर त्या मरतात, कारण फॉस्फेट घेणं आवरतं घेण्याची सवय त्यांना कधी लागलीच नाही.

तिसरा साठा बियांमधला. इथे फॉस्फेट फायटिक आम्लाच्या रूपात असतं: इनॉसिटॉल या सहा कार्बनच्या कड्याच्या प्रत्येक कार्बनवर एक, असे सहा फॉस्फेट. धान्य आणि कडधान्यांच्या बियांत एकूण स्फुरदाचा साधारण ६५ ते ८५ टक्के वाटा यात असतो. ऋणभार खूप असल्यामुळे ते पोटॅशियम, मॅग्नेशियम, थोडं कॅल्शियम, लोह आणि जस्त धरून ठेवतं आणि प्रथिनांच्या कोशांत गोळ्यांच्या रूपात बसतं. गहू-भातात ते मुख्यतः अल्युरोन थरात (दाण्याच्या सालीलगतच्या थरात), तर मक्यात बहुतेक सगळं कोंबाच्या भागात. अंकुरण सुरू झालं की फायटेज विकरं त्याचे फॉस्फेट एकेक करून सोडवतात आणि बरोबर ती खनिजंही मोकळी होतात. मूळ मातीतून काही मिळवू लागेपर्यंतची ही शिदोरी. माणसाच्या आणि कोंबड्या-डुकरांच्या आतड्यात फायटेज पुरेसं नसल्याने त्यांना यातला स्फुरद नीट मिळत नाही आणि लोह-जस्तही अडकतं. म्हणून खाद्यात फायटेज मिसळतात. बियातलं फायटिक आम्लच कमी असलेले वाणही शोधले गेले, पण त्यांतल्या अनेकांत उगवण आणि उत्पादन घसरलं. माझ्या मते जास्त शहाणी वाट भातात २०१७ मध्ये दिसली: पेरांमधलं एक वाहक प्रथिन फॉस्फेट दाण्याकडे वळवतं, ते बंद केलं तर दाण्यात फायटिक आम्ल कमी आणि पेंढ्यात स्फुरद जास्त राहतो, तरी उत्पादन घटत नाही. पेंढा शेतातच राहिला तर तेवढा स्फुरद मातीतून जायचा वाचतो.

आता निरोपांकडे. सर्वांत जास्त वापरला जाणारा निरोप म्हणजे एखाद्या प्रथिनावर फॉस्फेट चढवणं किंवा उतरवणं. चढवणारी विकरं कायनेज, उतरवणारी फॉस्फटेज. अरॅबिडॉप्सिसच्या जनुकसंचात सुमारे एक हजार कायनेज आहेत. माणसात पाचशेच्या थोडं वर. एका जागी उभं राहून सगळं सोसायचं असल्यामुळे वनस्पतींना ऐकायला जास्त कान लागतात, असं मी याचं कारण समजतो.

एक उदाहरण जवळून पाहू: पाण्याची टंचाई आणि पर्णरंध्रं. एरवी फॉस्फटेज एका कायनेजला, ओएसटी-१ ला, दाबून ठेवतं. त्याच्यावरचं फॉस्फेट सतत उतरवत राहतं. माती सुकू लागली की अॅबसिसिक आम्ल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. ते आपल्या ग्राहक प्रथिनात बसतं, आणि ही जोडी फॉस्फटेजच्या तोंडात बूच मारते. कायनेज मोकळं होतं आणि रक्षकपेशीच्या पटलावरच्या ऋणायन वाहिनीवर फॉस्फेट चढवतं. वाहिनी उघडते, क्लोराइड आणि मॅलेट बाहेर पडतात, मागोमाग पोटॅशियम आणि पाणी. पेशी ढिली पडते, रंध्र मिटतं. काही मिनिटांत हे सगळं होतं. यात फॉस्फेट खर्च होतं म्हणावं तर तेही नाही, ते पुन्हा सुटं होऊन फिरायला मोकळं. खर्च होतो तो एटीपीतला जोर. ही साखळी नीट उलगडली ती २००९ मध्ये अॅबसिसिक आम्लाचे ग्राहक सापडल्यावर.

याखेरीज मेदद्रव्यांपासून निघणारं फॉस्फॅटिडिक आम्ल, फॉस्फोइनॉसिटाइड वगैरे निरोप्ये आहेत, त्यांच्यात मी शिरत नाही. एक मात्र सांगायला हवं. पाठ्यपुस्तकांतून प्राण्यांमधला इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेटचा मार्ग जसाच्या तसा वनस्पतींना चिकटवला जातो. जमिनीवरच्या वनस्पतींत त्याचा तो ओळखीचा ग्राहकच सापडत नाही. वनस्पतींनी इनॉसिटॉलचा वापर दुसरीकडे केला: ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाच्या ग्राहकाच्या गाभ्यात फायटिक आम्लाचा एक रेणू बसलेला असतो, हे २००७ मध्ये स्फटिकरचनेत दिसलं. बियांत कोठार म्हणून ओळखलेला रेणू इथे संप्रेरकाच्या यंत्राचा सुटा भाग निघाला.

एटीपी पेशीबाहेर सांडला तर तोही निरोप ठरतो. जखम झाली, पेशी फुटली, की आतला एटीपी बाहेर येतो. शेजारच्या पेशींच्या पटलावरचा डॉर्न-१ हा ग्राहक, जो २०१४ मध्ये ओळखला गेला, त्याला धरतो आणि कॅल्शियमची लाट उठते. 'एटीपीयुक्त' फवारण्यांबद्दल मला विचारतात तेव्हा मी हेच सांगतो. फवारलेला एटीपी पेशीत जाऊन इंधन होत नाही. बाहेरची विकरं त्याचे तुकडे करतात, आणि तोपर्यंत झाडाने काही वाचलंच तर ते 'इजा झाली' असं वाचेल.

आता ऊर्जा आणि निरोप जिथे एकत्र येतात तिथे जाऊ. आपल्याकडे फॉस्फेट पुरेसं आहे की नाही, हे पेशीला कळतं कसं? ती सुटं फॉस्फेट थेट मोजत असेल असं बराच काळ वाटत होतं. २०१६ पासून चित्र स्पष्ट झालं. फायटिक आम्लावर सहाच्या सहा जागा भरलेल्या असतानाही काही विकरं आणखी फॉस्फेट चढवतात, फॉस्फेटवर फॉस्फेट. आठ फॉस्फेटचा असा रेणू, आयपी-८ म्हणू, एसपीएक्स नावाच्या प्रथिनांत बसतो. बसला की ती प्रथिनं पीएचआर-१ या नियंत्रकाला धरून ठेवतात. फॉस्फेट कमी झालं की आयपी-८ घटतो, पकड सुटते आणि पीएचआर-१ जनुकांवर जाऊन बसतो: जास्त वाहक बनवा, आम्ल-फॉस्फटेज बाहेर सोडा, पटलांतले मेद बदला. पीएचआर-१ स्वतः २००१ पासून माहीत होता. त्याला दोरी कोण लावतं ते पंधरा वर्षांनी कळलं. आणि आयपी-८ बनवणारी विकरं एटीपीच्या पातळीला बघून चालतात. म्हणजे पेशी फॉस्फेटचा हिशेब ऊर्जेच्या स्थितीतूनच लावते.

हा निरोप एका पेशीत अडकून राहत नाही. उपाशी पानांत एमआयआर-३९९ हा छोटा आरएनए तयार होतो, रसवाहिनीतून मुळांपर्यंत उतरतो आणि तिथे पीएचओ-२ या जनुकाचा संदेश तोडतो. पीएचओ-२ चं काम वाहक प्रथिनं नष्ट करवणं. ते थांबलं की वाहक वाढतात. पीएचओ-२ निकामी असलेल्या रोपांच्या पानांत इतकं फॉस्फेट साचतं की कडा जळतात. लगाम मुळांत, पण हात पानाचा. मुळांत राहून त्यांना मातीतलं फॉस्फेट पुरवणाऱ्या आर्बस्क्युलर बुरशीशी सख्य जमवायचं की नाही, हेही बऱ्याच अंशी याच पीएचआर घराण्यातली प्रथिनं ठरवतात. भरपूर फॉस्फेट दिलेल्या मुळांत ही बुरशी कमी का शिरते, त्याचं कारण इथे आहे.

एवढं लक्षात घेतलं की तिसरा प्रश्न सुटायला लागतो. पानाचा अहवाल एकूण स्फुरद सांगतो. नमुना आम्लात शिजवला की रिक्तिकेतलं, आरएनएमधलं, मेदांतलं, साखरेला चिकटलेलं, सगळं एकाच आकड्यात येतं. बहुतेक पिकांत कोरड्या वजनाच्या ०.२ ते ०.५ टक्के हा आकडा ठीक मानतात. पण पेशीद्रव उपाशी आहे का, हे तो सांगत नाही.

सगळ्यात फसवा प्रकार फॉस्फाइटचा. फॉस्फेटमध्ये फॉस्फरसभोवती चार ऑक्सिजन, फॉस्फाइटमध्ये तीन ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन. मुळांचे आणि पानांचे वाहक त्याला फॉस्फेट समजून आत घेतात. आत गेल्यावर वनस्पतीला त्याचं फॉस्फेट करता येत नाही. एटीपीत, आरएनएमध्ये ते बसत नाही. वर आणखी, उपासमारीची हाक ते दाबून टाकतं: वाहक वाढत नाहीत, फॉस्फटेज सुटत नाही. फायटोफ्थोरासारख्या बुरशीसदृश जिवांच्या रोगांवर फॉस्फाइट खरंच उपयोगी आहे आणि त्यासाठी ते जरूर वापरावं. पण खत म्हणून नाही. ज्या झाडाला फॉस्फेट भरपूर मिळतंय त्याचं फारसं बिघडत नाही. उपाशी झाडाला मात्र दुहेरी मार बसतो. आणि अहवालात? तीव्र आम्लात शिजवताना फॉस्फाइटचं फॉस्फेट होतं, किंवा यंत्र फॉस्फरसचे अणूच मोजतं, त्यामुळे आकडा 'पुरेसा'. तोच नमुना न शिजवता, सौम्य अर्क काढून मॉलिब्डेनम-निळ्या पद्धतीने (सुट्या फॉस्फेटशी निळा रंग देणाऱ्या चाचणीने) तपासला तर फॉस्फाइट रंग देत नाही. दोन आकड्यांत मोठी तफावत आली की पहिला प्रश्न विचारायचा: फवारणीत काय होतं?

दुसरं कारण थंडी. अचानक गारठा आला की सुक्रोज बनवणं मंदावतं, फॉस्फेट साखरेला चिकटून राहतं, हरितलवकाकडे परत येत नाही. झाड जांभळं पडतं, वाढ थांबते, एकूण स्फुरद मात्र तेवढाच. शिवाय थंड मातीत मुळंही सुस्त असतात. वर खत टाकून हे सुटत नाही. ऊब आली की बहुधा आपोआप ओसरतं.

तिसरं जस्त. जस्ताची कमतरता असली की फॉस्फेट घेण्यावरचा लगाम ढिला पडतो आणि पानांत स्फुरद गरजेपेक्षा जास्त साचतो. झाड खुरटं, पानं लहान, अहवालात स्फुरद भरपूर. इथे कुणी 'वाढ नाही म्हणजे स्फुरद कमी' असं धरून खत वाढवलं तर दुखणं आणखी वाढतं. एक टक्क्याच्या वरचा आकडा दिसला की मी आधी जस्ताचा रकाना पाहतो.

आणि नमुना कुठल्या पानाचा, हे विसरू नका. फॉस्फेट झाडात सहज हलतं. टंचाईत जुनी पानं रिकामी होऊन कोवळ्यांना देतात. कोवळं पान तोडून पाठवलं तर उपाशी झाडाचाही अहवाल चांगला येऊ शकतो. नुकतंच पूर्ण वाढलेलं पान घ्या, शंका असेल तर खालच्या जुन्या पानांचा वेगळा नमुना जोडा आणि प्रयोगशाळेला एकूण स्फुरदासोबत न शिजवलेल्या अर्कातलं सुटं फॉस्फेट वेगळं द्यायला सांगा. जुन्या पानात सुटं फॉस्फेट जवळजवळ शून्य आणि कोवळ्यात ठीकठाक, असं आलं तर रिक्तिका रिकाम्या झालेल्या आहेत. जुन्या पानातही सुटं फॉस्फेट भरपूर असेल आणि तरी झाड हलत नसेल, तर स्फुरदाचा पिच्छा सोडून थंडी, जस्त, मुळांची हवा यांच्याकडे वळा.